कळकलेली चव

बघू नका म्हणून सांगितलं होतं, म्हणूनच नोलीनने बघितलं. सोनोग्राफीच्या पडद्यावरच्या चित्राकडे डोळे लावून त्या तरुण डॉक्टरणीने तिच्या डाव्या मांडीच्या वरच्या अंगाला लांब सुई खुपसली होती आणि सिरिंजचा दट्ट्या ती सावकाश मागे ओढत होती. रक्त येईल, फार तर पू येईल, एवढी नोलीनच्या मनाची तयारी होती. सदुसष्ट वर्षांत तिने दोन्ही पुष्कळ पाहिलं होतं. दोन बाळंतपणं, आईचं शेवटचं दुखणं, कारखान्यात चेचलेला नवऱ्याचा अंगठा. पण सिरिंजमध्ये चढलं ते करडं होतं. दाट, हिरवट झाक असलेलं, मधूनच काळ्या रेघा. सिंकची जाळी वर्षभर काढली नाही की तिच्याखाली जो गाळ साठतो, तसलं. एक सिरिंज भरली, ती ट्रेमध्ये ठेवली गेली, दुसरी लागली. "अजून आहे?" नोलीनने विचारलं. "थोडंसंच," डॉक्टरीण म्हणाली आणि तिने तिसरी उघडली. हे आपल्या आत होतं. हे घेऊन आपण सकाळी ट्राममध्ये बसलो, कुणाच्या तरी मुलाला मांडीवर जागा दिली, हे घेऊन चार वर्षं नवऱ्याच्या शेजारी झोपलो. नर्सने कागदी वाडगा पुढे धरला, पण त्यात पडली ती नुसती लाळ. आणि त्या लाळेलाही तीच चव होती, कल्हई उडालेल्या भांड्यात रात्रभर राहिलेल्या आंबटाची, कळकलेली. ईस्टरपासून ती तोंडात मुक्कामाला होती.

सर्जन डॉक्टर स्टर्मींनी चार वर्षांपूर्वी स्वतःच तिचा तो धातूचा खुबा बसवला होता. तेव्हा त्यांनी टेबलावरचा नमुना तिच्या हातात दिला होता, आरशासारखा गोळा आणि आरशासारखी वाटी, आणि तिला ती वस्तू आवडली होती. चांगल्या स्वयंपाकघरातल्या वस्तूसारखी वजनदार, स्वच्छ, कुठे सांधा नाही की चीर नाही. आज तोच नमुना तिथे होता आणि डॉक्टर तिच्याकडे न बघता तो बोटांनी फिरवत होते. "गोळा धातूचा, वाटी धातूची," ते म्हणाले. "चालताना एकमेकांवर घासतात, त्यातून भुकटी सुटते. मैद्याहून बारीक. शरीरातल्या पहारेकरी पेशी ती गिळतात. ती पचत नाही, त्या मरतात. त्यांना निस्तरायला दुसऱ्या येतात, त्याही मरतात. असं होत होत पिशवी तयार होते. आज काढलं ते त्या पिशवीतलं." "म्हणजे मढी," नोलीन म्हणाली. "तसं म्हणायला हरकत नाही. सगळ्यांना होत नाही हे. बहुतेकांचं शरीर धातू चालवून घेतं. तुमचं शरीर जरा, काय म्हणावं, चोखंदळ आहे." हा शब्द नोलीनला थप्पड बसावी तसा लागला. चोखंदळ. तीस वर्षं तिने हाच शब्द छातीवर बिल्ल्यासारखा मिरवला होता. "कानातल्यांनी कान चिघळायचे का कधी तुमचे?" डॉक्टरांनी विचारलं, आणि तिला पंधराव्या वर्षीची ती उशी आठवली, जत्रेतली स्वस्त कानातली घालून झोपल्यावर सकाळी उशीला चिकटलेला कान, पिवळी खपली, आणि आईचं "थेरं सगळी!" तेव्हापासून सोन्याशिवाय काही घातलं नव्हतं तिने. पण ऑपरेशनच्या आधी फॉर्मवर 'कशाची ॲलर्जी' या प्रश्नापुढे तिने 'नाही' लिहिलं होतं. कानातल्यांची गोष्ट कुणी हॉस्पिटलच्या फॉर्मवर लिहितं का? इथे कशी आहेस विचारलं की माणूस 'मजेत' म्हणतं, पाय मोडून पडलेलं असलं तरी. जानेवारीत हे सगळं काढून दुसरं बसवायचं ठरलं. दारात पोचल्यावर तिने उगाच विचारल्यासारखं विचारलं, "तोंडाच्या चवीचा याच्याशी काही संबंध नसेल ना?" डॉक्टरांनी नमुना खाली ठेवला. "धातू लागतो का तोंडाला? रक्तात कोबाल्ट फार वाढलं की काहींना लागतो तसा. तुमचं फारच वाढलंय. कधीपासून लागतोय?" "ईस्टरपासून," नोलीन म्हणाली, आणि सप्टेंबरातली केकच्या परीक्षणाची ती सकाळ तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

ग्लेनेलगच्या ट्राममध्ये ती खिडकीशी बसली. ईस्टरला, म्हणजे एप्रिलात, पहिल्यांदा चहा कळकल्यासारखा लागला तेव्हा तिने पाण्याला शिव्या घातल्या होत्या. ॲडलेडमध्ये वाढलेलं माणूस दुसरं काय करणार? नदी तीन राज्यांची धुणीभांडी करून शेवटी आमच्या नळाला येते. इथे चहा बिघडला, केस गळले, फुलं सुकली, लग्न मोडलं तरी पहिला संशय पाण्यावर. तिने किटली बदलली. नळाला गाळणी बसवली. मग डोंगरातल्या मैत्रिणीकडून, एव्हिसकडून, टाकीतलं पावसाचं पाणी कॅन भरभरून आणलं, आणि तेही कळकलेलं लागलं तेव्हा एव्हिसच्या टाकीचा पत्रा गंजला असेल अशी मनाची समजूत घालून ती गप्प बसली. आपली जीभ खोटं बोलत असेल हे तिच्या डोक्याला शिवलंसुद्धा नाही. हात थरथरू शकतात, डोळ्यांत मोतीबिंदू होऊ शकतो, खुबा झिजू शकतो. पण नोलीन पॅजेटची जीभ? ग्रामीण महिला संघाची परीक्षक व्हायची परीक्षा तिने पहिल्या झटक्यात पास केली होती, डोळे बांधून आठ लोणी ओळखली होती, त्यातलं एक दोन दिवसांचं आहे हेही सांगितलं होतं. शहराच्या कृषी प्रदर्शनात स्पंज केकचं परीक्षण गेली सतरा वर्षं तिच्याकडे होतं. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने भुवई उंचावली की पाठीमागे वही घेऊन उभ्या असलेल्या मदतनीस बायका एकमेकींकडे बघायच्या.

केकवर नाव नसतं, नुसता आकडा. पण चाळीस वर्षं एकमेकींच्या स्वयंपाकघरात उठबस असलेल्या बायकांना हात ओळखू येत नाही म्हणणं हा शुद्ध दांभिकपणा आहे. त्या सप्टेंबरात चौदा नंबरचा केक एव्हिसचा होता. बदकाच्या अंड्यांचा तो गडद पिवळा रंग, आणि कडेला एका जागी भाताच्या शितापुरता खळगा, कारण एव्हिसच्या सासूच्या त्या केकच्या डब्याला पोचा होता आणि पोचा काढायला एव्हिस कधी तयार नव्हती. नोलीनने केक निववायच्या जाळीच्या खुणा शोधल्या, नव्हत्या. साखरेचे डाग नव्हते. सुरी फिरवली, कापलेल्या भागाला बोट लावलं, ते वर आलं. मग सफरचंदाची फोड खाऊन तोंड साफ केलं आणि कण जिभेवर ठेवला, आणि कळकलं. दातांच्या मुळांपर्यंत कळकलं. खरं म्हणजे सफरचंदही कळकलंच होतं, पण ते तिने हॉलमधल्या नळाखाली धुतलं होतं, त्यामुळे ते पाण्याच्या नावावर गेलं. आधीचे तेरा केकही थोडे तसेच लागले होते. मात्र ते परक्यांचे होते, त्यांचे दोष शोधायला दुसरी पुष्कळ जागा होती. चौदाव्यात दुसरा दोषच नव्हता. आणि आता ट्राममध्ये बसून ज्या गोष्टीची तिला सगळ्यांत जास्त किळस आली ती ही की, त्या क्षणी तिला बरं वाटलं होतं. मैत्रीण असो, गुरू असो, मला स्पंज जिने शिकवला ती असो, चुकलं ते चुकलं. आपण किती ताठ कण्याच्या आहोत हे जणू कुणीतरी वरून बघत होतं. तिने मदतनीस बाईच्या हातून कार्ड ओढून स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'धातूची चव. सोडा जास्त किंवा भांडं खराब. विचारात घेतला नाही.' तिसरं बक्षीससुद्धा नाही. बाकीच्या तीन बायकांना तिने बक्षिसं दिली, तेव्हा ती देताना तिच्या तोंडात आधीच मढी होती.

नवऱ्याला, मर्व्हला, तिने जेवताना सांगितलं, सिरिंजमधलं सोडून. तो चाळीस वर्षं मोटारीच्या कारखान्यात हत्यारं बनवायच्या विभागात होता आणि धातूबद्दल कुणी बोललं की आपल्याच घरातलं कुणी आजारी असल्यासारखा कान टवकारायचा. "सारख्याला सारखा धातू?" तो म्हणाला. "गोळाही तोच आणि वाटीही तीच? अगं, नवीन आलेल्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगायचो, सारखे धातू घासत ठेवलेस की एकमेकांना खातात. मध्ये पितळ घाल, काहीतरी मऊ घाल. या डॉक्टरांना कुणी कारखान्यात उभं नव्हतं केलं का?" आणि मग, तो मर्व्हच असल्यामुळे, उठून फ्रीजवरचा लोहचुंबक काढून त्याने तिच्या मांडीशी धरला. "चिकटत नाही," तो म्हणाला. "फुकट गेला खुबा." ती एरवी हसली असती. पण त्याच्या बोटांच्या पेरांत निवृत्तीनंतर नऊ वर्षांनीही ती काळी रेघ होती, आणि तिला कपडे धुण्याच्या मशीनच्या तळाशी दर आठवड्याला साठणारा तो चमचमता चिखल आठवला, कारखान्याच्या निळ्या डांगरीतून निघालेला कीस, तेलात भिजलेला. तो ती पेपरने पुसून काढायची, श्वास रोखून. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याच्या मानेलाही तो वास यायचा आणि तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. चोखंदळपणा नवऱ्यावर चालवायचा नसतो, केकवर चालवायचा असतो. आता तोच कीस तिच्या मांडीत होता आणि तिच्या शरीराने मात्र तोंड मिटून सहन करायला साफ नकार दिला होता. ताटातलं मटण तिने बाजूला सारलं. "एव्हिसला सांगायला हवं," ती म्हणाली. "कशाला?" मर्व्ह म्हणाला. "एका केकसाठी? कुणी मेलं का? जानेवारीत नवा खुबा, सप्टेंबरपर्यंत जीभ जाग्यावर. कुणाला कळणार आहे? तू सांगितलंस तर सतरा वर्षांचे सगळे केक बायका उकरून काढतील, बघ. त्या बायकांना मी ओळखतो." जीभ जाग्यावर येईल असं डॉक्टर म्हणाले नव्हते. येईलही म्हणाले होते, तशीच राहीलही म्हणाले होते. ते तिने मर्व्हला सांगितलं नाही.

दोन आठवडे तिने मिठाची गुळणी धरली. ती रोज तीनदा दात घासू लागली. जिभेवर ब्रश फिरवताना ओकारी यायची, मग पुन्हा घासायची. आरशात जीभ बाहेर काढून बघायची. गुलाबी, ओली, निर्लज्ज, काहीच झालं नसल्यासारखी. चालताना आता तिला आवाज ऐकू यायचा, खरा की मनातला कोण जाणे, आतल्या आत चर्र असा, आणि प्रत्येक पावलाला थोडी भुकटी सुटत असेल आणि थोड्या पेशी तिच्यावर तुटून पडून मरत असतील, या विचाराने ती स्वयंपाकघरातून बैठकीत जायलाही कंटाळायची. पण खरं सांगायचं तर त्या पेशींचा तिला राग यायचा नाही. त्यांना जे आवडलं नाही ते त्यांनी नाही म्हटलं होतं, कुणाचं नाव न बघता, बक्षीस न मोजता, मरेपर्यंत. घाण करून ठेवली होती, पण खोटं बोलल्या नव्हत्या. आणि दर वेळी इथपर्यंत विचार आला की ऑक्टोबरातली सभा तिच्यापुढे यायची. संघाच्या सभेला एव्हिसने चाळीस वर्षांत पहिल्यांदा दुकानातली बिस्किटं आणली होती, पुडीसकट. "केक सोडला मी," ती सहज म्हणाली होती. "ऐंशीला टेकले. जीभ गेली की थांबावं माणसाने. हीदर म्हणते बदकंही देऊन टाक, आता एकटीने तिथे राहू नकोस." हीदर ही एव्हिसची मुलगी, तिकडे सिडनीला. आईने एकटीने राहू नये असं ती गेली पाच वर्षं म्हणत होती आणि एव्हिस तिला गेली पाच वर्षं उडवून लावत होती. सभेत बायकांनी हळहळ केली, आणि नोलीनने, त्या कळकलेल्या तोंडाने, एक बिस्किट उचलून खाल्लं होतं.

गुरुवारी संघाचं पत्र आलं. नव्या परीक्षक घडवण्यासाठी फेब्रुवारीपासून वर्ग सुरू होणार होता आणि चव हा विषय नोलीनने शिकवावा अशी सर्वांची इच्छा होती. मर्व्हने ते पत्र त्याच चुंबकाखाली फ्रीजवर लावलं आणि शिट्टी वाजवत दाढी करायला गेला. नोलीनने दूध काढायला फ्रीज उघडला, पत्र तिच्या तोंडासमोर आलं, आणि ती सिंकपर्यंत पोचायच्या आत ओकली. या वेळी नुसती लाळ नव्हती. गुडघा टेकता येत नसल्यामुळे फरशी काठीला गुंडाळलेल्या फडक्याने पुसताना ती मोठ्यांदा म्हणाली, "शी! शी बाई! शी!" मर्व्ह अर्धी दाढी घेऊन धावत आला. "गाडी काढ," ती म्हणाली. "एव्हिसकडे." "क्रिकेट सुरू होतंय." "गाडीत ऐक."

तर तो गाडीत ऐकत बसला, एव्हिसच्या फाटकाबाहेर, निलगिरीच्या सावलीत, काचा खाली करून, आणि नोलीन काठी टेकत मागच्या दाराने आत गेली. पुढच्या दाराने या घरात फक्त पाद्री आणि विमेवाले येतात. बदकं अजून होती. एव्हिस टेबलाशी उभी होती, कंबरेला एप्रन, आणि टेबलावर जाळीवर स्पंज निवत होता. पिवळा, उंच, कडेला तो खळगा. "सोडलास ना तू?" नोलीनच्या तोंडून निघून गेलं. "सोडला कसला," एव्हिस म्हणाली. "सुटत नाही ना. हा अकरावा. डबा बदलून बघितला, सोडा नवा आणला, अंडी कोंबडीची घेऊन बघितली. कशातही लागतंच ते. बदकांना घालते मग. ती बिचारी काही बोलत नाहीत." तिने नोलीनच्या काठीकडे पाहिलं. "तुला काय झालंय? चेहरा पांढरा पडलाय. बस आधी." फ्रीजवर हीदरच्या मुलांच्या फोटोशेजारी ते कार्ड होतं. धातूची चव. नोलीनच्या अक्षराचं, तिच्या वाटोळ्या पोटाच्या वळणासकट. "ते कुणी लिहिलंय तुला ठाऊक आहे?" नोलीनने विचारलं. "चाळीस वर्षं तुझी वाढदिवसाची कार्डं येतात मला, तुझं अक्षर कळणार नाही होय?" एव्हिस म्हणाली. "म्हणून तर ठेवलंय. दुसरीने कुणी लिहिलं असतं तर म्हटलं असतं जळते मेली. तू लिहिलंस म्हणजे असणारच. मी घरी येऊन उरलेला खाल्ला तेव्हा मलाही लागलं. आधी नव्हतं लागलं बघ, कार्ड वाचल्यावर लागलं. म्हणजे माझी जीभ किती मंद झालीय, सांगितल्याशिवाय कळत नाही."

नोलीनने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. खुबा, भुकटी, रक्तातलं कोबाल्ट, ईस्टर, पाणी. करडा गाळही सांगितला, तीन सिरिंज, आणि सांगताना एव्हिसने नाक मुरडलं ते तिने पाहिलं. एव्हिसने सगळं ऐकून घेतलं आणि मग तिच्या खांद्यावर हात ठेवला, आजारी माणसाच्या खांद्यावर ठेवतात तसा. "तू फार चांगली आहेस गं," ती म्हणाली. "एवढ्या दुखण्यात इथवर आलीस माझं मन राखायला. पण मला असलं काही नको, नोल. मला खरंच लागतंय ते. लहान मुलीसारखी समजूत नको घालू माझी." "समजूत घालत नाहीये मी!" "बरं, नाही घालत. चहा टाकू?" या देशात माणसं एकमेकांना चहाने गप्प बसवतात. नोलीनने पर्समधून रक्ताचा रिपोर्ट काढला. एव्हिसने तो चष्मा न लावता हातभर लांब धरला आणि आदराने परत दिला. बाहेर रेडिओवर कुणीतरी आउट झालं आणि मर्व्ह "अरे!" म्हणून ओरडला. नोलीनला एकाएकी वाटलं, बस, आता गाडीत जाऊन बसता येईल. सांगून तर झालं. सांगितलं आणि तिने ऐकलं नाही, यात माझा काय दोष? हा विचार इतका मऊ, इतका सोयीचा होता की तिला स्वतःची पुन्हा शिसारी आली.

"डोळे बांध माझे," ती खुर्चीवर बसत म्हणाली. "काय?" "डिशटॉवेल घे, डोळे बांध. परीक्षेत बांधतात तसे. आणि तुझ्या मनाला येईल ते माझ्या तोंडात घाल." एव्हिस हसली, मग हसायची थांबली. तिने धुतलेला टॉवेल घेतला आणि मागे उभं राहून करकचून गाठ मारली, केस अडकले तरी सोडवले नाहीत. कपाटाचं दार वाजलं. चमचा ओठांना लागला. "पत्रा," नोलीन म्हणाली. "नीट सांग." "नीटच सांगतेय. दाणेदार आहे, विरघळतंय. चव पत्र्याची." "साखर होती ती," एव्हिसचा आवाज आला. पुन्हा चमचा. "गार. मऊ. पत्रा." "लोणी." पुन्हा. "पाणी आहे, तुझ्या टाकीचं की नळाचं मला कळत नाही. पत्रा." मग बराच वेळ काही आलं नाही. एव्हिसच्या सपाता इकडून तिकडे गेल्या, सुरी कशाला तरी लागली. आठ लोणी ओळखलेली बाई अंधारात तोंड उघडं टाकून बसली होती, लाळ ओठांच्या कडेला आली होती, आणि ती पुसावी की नाही हे तिला कळत नव्हतं. जिभेवर काहीतरी हलकं टेकलं. तिने ते टाळूला दाबलं. खालून उसळून आलं ते, हवेसारखं. इतका चांगला झालेला स्पंज जिभेला स्पर्शाने कळतो. "सांग," एव्हिस म्हणाली. तिला खोटं बोलायचा मोह झाला. मैत्रिणीला निदान एवढं तरी द्यावं, सुंदर झालाय म्हणावं. "पत्रा," ती म्हणाली. "तुझा अकरावा. निव्वळ पत्रा, एव्हिस."

एव्हिसने टॉवेल सोडला नाही. तो नोलीनने स्वतः वर सरकवला. एव्हिस टेबलाच्या पलीकडे केकचा कण तोंडात घालून उभी होती, डोळे मिटून. तिचा जबडा फार सावकाश हलत होता. मग थांबला. मग पुन्हा हलला. "काही नाही यात," ती अखेर म्हणाली. डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी नव्हतं, राग होता. "काही नाही यात. अंडी आहेत, साखर आहे. अकरा केक, नोलीन. अकरा वेळा मी माझ्या घरात, माझ्या हाताने केलेल्या केकमध्ये तुझ्या तोंडातलं चाखलं." नोलीनच्या ओठांना लागलेला तो चमचा तिने दोन बोटांत धरून उचलला आणि सिंकमध्ये टाकला नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग नळाखाली हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी नोलीनशी तिच्या लायकीचं वागत होतं.

"हीदरला कळवायला लागेल," एव्हिस हात पुसत म्हणाली, "बदकं राहतील म्हणून." मग तिने फ्रीजवरचं कार्ड काढलं आणि पेनासकट नोलीनपुढे ठेवलं. "लिही." परीक्षक कार्डावर कधी नाव घालत नाही, नाव घातलं की ती कबुली होणार आणि संघाच्या सभेत वाचली जाणार, वर्ग जाणार, सतरा वर्षांचे केक बायका उकरून काढणार, मर्व्ह म्हणाला तसं. नोलीनने जुनी ओळ खोडली. खाली लिहिलं, 'केकमध्ये दोष नाही. परीक्षकाच्या तोंडात होता.' आणि त्याखाली पूर्ण नाव घातलं, माहेरच्यासकट. एव्हिसने या वेळी चष्मा लावून वाचलं आणि कार्ड होतं तिथे परत लावलं. मग सुरी घेऊन तिने केकची चांगली जाड फोड कापली, बशीत घेतली, वर मलई घातली, आणि नोलीनच्या समोर बसून स्वतः खायला लागली. "तुला देऊन काय उपयोग," ती म्हणाली. नोलीन बघत राहिली. मलई एव्हिसच्या ओठाला लागली होती, पिवळे कण बशीत पडत होते, स्वयंपाकघरभर अंड्याचा आणि भाजलेल्या साखरेचा वास होता, आणि कित्येक महिन्यांनी नोलीनच्या तोंडाला पाणी सुटलं. तिने ते गिळलं. तेही कळकलेलं होतं.